आयुष्यात आणि व्यवसायात एकच मुख्य ध्येय कसं ठरवावं?

डोक्यात पाच-सहा कल्पना आहेत, सगळ्याच आवडतात, मग एक कशी निवडायची, असं तुम्ही विचारलंय. विचार करत बसून ती सापडेल ही आशा आधी सोडा. नुसत्या विचारातून आपल्याला काय व्हायला आवडेल एवढंच कळतं. वेळ आणि पैसा खरोखर कुठे जातो ते नोंदी ठेवल्यावरच दिसतं.

१४ दिवस दर अर्ध्या तासाची नोंद करा. रकाने तीन: काय केलं, कोणासाठी केलं, आणि कोणी मागे लागलं नसतं तरी केलं असतं का. तिसऱ्या रकान्यात ज्या कामापुढे वारंवार ‘हो’ येतं, तिथे तुमची ओढ आहे. जे ध्येय म्हणून सगळ्यांना सांगता, पण दोन आठवड्यांत ज्याला अर्धा तासही मिळाला नाही, ते यादीतून काढा.

व्यवसाय असेल तर मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक ग्राहकाकडून आलेल्या रकमेतून थेट खर्च वजा करा आणि उरलेल्याला लागलेल्या तासांनी भागा. फोन, दुरुस्त्या, वसुलीसाठीच्या खेपा हेही तास धरायचे. ते सुटले की तोट्यातला ग्राहक फायद्यातला वाटतो. मग चौकशीपासून पैसे हातात येईपर्यंतची साखळी मांडा आणि काम कुठे तुंबतं ते बघा. समजा महिन्याला ४० चौकश्या येतात, दरपत्रक चार दिवसांनी जातं आणि ऑर्डर पाचच मिळतात. अशा वेळी जाहिरात वाढवली तर तुंबणंच वाढेल. इथे ध्येय एकच: दरपत्रक २४ तासांत पाठवणं.

असं छोटं वाटणारं ध्येय पुरेल का, ही शंका रास्त आहे. १९८७ मध्ये पॉल ओनील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी नफ्याऐवजी कामगारांची सुरक्षितता हा मुख्य मुद्दा ठरवला. गुंतवणूकदार गोंधळले. पण अपघात थांबवायचा तर तो का झाला हे शोधावं लागतं, त्यासाठी सगळी प्रक्रिया समजून घ्यावी लागते, आणि कारखान्यातली वाईट बातमी लगेच वरपर्यंत पोचावी लागते. या तीन गोष्टी सुधारल्या की उत्पादनही सुधारतं. त्यांच्या कारकिर्दीत अपघात खूप कमी झाले आणि नफाही वाढला. चांगलं ध्येय असंच असतं: रोज मोजता येतं, आणि त्याच्या मागे बाकीच्या गोष्टी ओढल्या जातात. ‘प्रगती’ किंवा ‘दर्जा’ यांत हे होत नाही, कारण त्यांच्या नावाखाली कोणतंही काम खपतं.

आता एक वाक्य लिहा: कोणासाठी, काय, कोणत्या आकड्याने मोजणार, कधीपर्यंत. मुदत ९० दिवसांची ठेवा. त्याखाली या काळात न करायच्या किमान तीन गोष्टी लिहा, आणि त्या मोहात पाडणाऱ्याच असू द्या. नको असलेली कामं नाकारायला ध्येय लागत नाही. रोजचे सर्वांत ताजे दोन तास या कामाला द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आठवड्यातून एकदा अर्धा तास आकडा तपासा.

घर आणि धंदा यांना ओढूनताणून एकाच वाक्यात बसवू नका. झोप, घरच्यांचा वेळ, सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक यांची किमान पातळी ठरवा. ध्येयासाठी ती मोडायची नाही. ती मोडली की ध्येय काही आठवड्यांत गळून पडतं, आणि दोष मात्र आपण इच्छाशक्तीला देतो.

सर्वांत जास्त घोळ आकड्यात होतो. आकडा चांगला दिसावा म्हणून माणसं माहिती दडवतात. ओनील यांनी १९९६ मध्ये मेक्सिकोतल्या कारखान्यातला कामगारांच्या सुरक्षिततेशी संबंधित प्रकार वर न कळवल्याबद्दल एका वरिष्ठ अधिकाऱ्याला काढलं होतं. म्हणून जोडीला दुसरा आकडा ठेवा: दरपत्रक २४ तासांत गेलं, पण त्यातली किती नंतर दुरुस्त करावी लागली?

९० दिवसांनी दोन शक्यता नीट वेगळ्या करा. ठरवलेलं काम बहुतेक दिवस झालं आणि आकडा हलला नाही, तर ध्येय तेच ठेवून पद्धत बदला. कामच झालं नसेल, तर आधी ते अर्ध्यावर आणून ३० दिवस बघा. तरीही होत नसेल, तर दोन आठवड्यांच्या नोंदीकडे परत जा आणि त्यातलं दुसरं काम निवडा.