चूक माझी, पण बॅकअप?

प्रश्न: मी हिंजवडीत डीबीए, म्हणजे कंपनीचा डेटाबेस सांभाळायचं काम. रात्री अडीचला टेस्टचं समजून प्रॉडक्शनचंच, म्हणजे खऱ्या चालू डेटाचं टेबल ड्रॉप केलं, पार उडवलं. बॅकअपची फाइल उघडली, तर शून्य केबी! डिस्क भरल्याचे तीन मेल मी आधीच केले होते. आता साहेब म्हणतात, राजीनामा दे नाहीतर काढतो. काय करू?

उत्तर: आज सही करू नका. साहेबांचं म्हणणं लेखी मागा. मेलच्या तारखा वहीत उतरवा. मेल घरच्या पत्त्यावर पाठवू नका, तेच निमित्त होईल. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीतही चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडाला, बॅकअप निकामी निघाले, सहाएक तासांचं काम गेलं. त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. तुमच्या साहेबांकडून एवढी अपेक्षा नाही म्हणा! चूक मात्र लेखी कबूल करा, मेलच्या उल्लेखासकट. आणि स्क्रीनवर प्रॉडक्शनची खिडकी लाल रंगाची ठेवा, म्हणजे टेस्टशी गल्लत होणार नाही. मी ठेवते.