नवशिक्यांना स्कीइंग शिकवायला घेताय? आधी एवढंच सांभाळा

पहिल्याच हंगामात गावातल्या मुलांचा वर्ग घेताय, हे फार चांगलं काम आहे. उतार निवडताना मात्र घाई नको. खाली मोठी सपाट जागा हवी, म्हणजे काहीच न करता मूल आपोआप थांबेल. थांबण्याची खात्री असली की अंगातला ताठरपणा जातो.

बहुतेक वर्ग फसतात ते बुटांपाशी. एकच पातळ मोजा घाला, पँटची कड बुटात जाऊ देऊ नका. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे सरकावीत. मोठा बूट आरामाचा वाटतो, पण पाय आत फिरतो आणि स्की (बुटाखालची लांब घसरपट्टी) वळतच नाही. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड, जाणकाराकडूनच लावून घ्या. त्याला वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाची लांबी लागते.

मग हा क्रम:
- एकाच पायात स्की घालून सपाटीवर सरकणं
- उताराला आडवं राहून पायरी-पायरीनं चढणं
- सरळ घसरणं
- स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर ढकलून वेग कमी करणं

काठ्या सुरुवातीला बाजूलाच ठेवा. मुलं घाबरली की मागे रेलतात. तेव्हा ‘पुढे वाका’ म्हटलं तर कमरेत वाकतात; ‘नडगी बुटावर दाबा’ म्हणा.

ऑस्ट्रियात सांक्ट आंटोनला १९०७ पासून शिकवणाऱ्या हान्नेस श्नायडर यांनीही असंच टप्प्याटप्प्यानं शिकवलं. समांतर वळणांचं, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून वळण्याचं, सध्या नावही काढू नका.