राजीनामा कुणी लिहिला?

प्रश्न : वकीलबाई, मी पाचोरा तालुक्यातला. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत सहा वर्षं आठ महिने टेस्टिंगचं काम केलं. जानेवारीत एका मंगळवारी पंधरा मिनिटांची मीटिंग लागली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, एआयमुळे टेस्टिंगला आता एवढी माणसं लागत नाहीत, संध्याकाळी सहाच्या आत पोर्टलवर राजीनामा टाका, दोन महिन्यांचा पगार देऊ. नाही टाकला तर टर्मिनेट करू, मग पुढच्या कंपनीत काय दाखवाल? मी टाकला. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ निवडायला सांगितलं, तेही निवडलं. तीन आठवडे झाले, हिशेब पंचेचाळीस दिवसांनी होईल म्हणतात. घरी सांगितलेलं नाही. वर्क फ्रॉम होम आहे असं सांगून गावी बसलोय. सरकार यात काही करू शकतं का?

उत्तर : आधी घरी सांग. तीन आठवडे तू लॅपटॉप उघडून बसतोस आणि एकदाही फोनवर कुणावर वैतागत नाहीस, एवढ्यावरूनच आईच्या लक्षात आलं असणार. ती तू बोलायची वाट पाहत असेल.

आता कामाचं. मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले ते जळगावचे जुने कामगार वकील. अशील येऊन कितीही रडलं तरी ते एवढंच म्हणायचे, ‘‘कागद दखाड.’’ तुझ्या कागदावर काय आहे? तू आपल्या मर्जीने नोकरी सोडलीस, कारण वैयक्तिक. मीटिंग, मॅडम, सहाची मुदत, एआय यांतलं काहीच कागदावर नाही. त्या मीटिंगमध्ये तुझ्याकडून काढून घ्यायची मुख्य वस्तू नोकरी नव्हतीच. ती ते एका ओळीच्या मेलने काढून घेऊ शकत होते. त्यांना तुझा राजीनामा हवा होता.

का, ते सांगते. पेपरात ज्याला ‘ले-ऑफ’ म्हणतात तो आमच्या कायद्यातला ले-ऑफ नव्हेच. कायद्यात ले-ऑफ म्हणजे कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून काही दिवस घरी बसा आणि अर्धा पगार घ्या. गिरणीवाल्यांना तो शब्द बरोबर ठाऊक होता. तुझ्या बाबतीत झाली ती कामगार कपात. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३पासून कपातीची रीत ठरलेली आहे : एक महिन्याची लेखी नोटीस, तीत कारण, किंवा नोटिशीऐवजी पगार, झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून, आणि सरकारला कळवणं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही हे कायम आहे. उलट भर पडली. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने आणखी पंधरा दिवसांचं वेतन वेगळ्या निधीत भरायचं आणि ते त्या माणसाच्या खात्यात गेलं पाहिजे, नवं काही शिकायला.

पण ही सगळी दारं ‘कपात’ या शब्दाने उघडतात. कागदावर राजीनामा असला की नोटीस नाही, भरपाई नाही, निधी नाही आणि सरकारदरबारी नोंदही नाही. जुलै २०२५मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं उघड सांगितलं, म्हणून देशभर चर्चा तरी झाली. जिथे दर मंगळवारी आठ-दहा जणांना ‘वैयक्तिक कारण’ होतं, तिथली चर्चा कोण करणार?

हे मला नवं नाही. माझे वडील गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामावर होते, बदली कामगार. कायमचा माणूस आला नाही तर गेटवरून त्याच्या जागी बोलवायचे. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्याचं संरक्षण लागू होतं, हे माणसं कामावर लावणाऱ्या जॉबरला पाठ होतं आणि आमच्या आईलाही. ती चुलीमागच्या भिंतीवर गेरूने रेघा ओढायची, वडील कामावर गेले की एक. एका वर्षी दोनशे बत्तीस रेघा झाल्या आणि गेटवरून बोलावणं बंद झालं. आई रोज भिंतीकडे बघायची. आठ रेघा राहिल्या होत्या. वडिलांना कुणी ‘काढलं’ नव्हतं. त्यांचा नंबर लागला नव्हता, एवढंच. त्या गेटवर नंबर, तुझ्या पोर्टलवर रकाना.

आता तुझ्याकडून काय होऊ शकतं. आज, हा अंक बंद केल्यावर, तुझ्या स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला मेल कर. भाषा साधी : अमुक तारखेला अमुक वाजता मीटिंगमध्ये मला सांगण्यात आलं की सहापर्यंत राजीनामा न दिल्यास टर्मिनेट करू, म्हणून मी तो दिला, तो माझ्या मर्जीचा नव्हता. त्यात शिव्या नकोत, विनवण्याही नकोत. मीटिंगचं निमंत्रण, त्या दिवशीचे चॅट, फोनची नोंद, जे हाताशी आहे ते जपून ठेव. दबावाखाली घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणंच, असं न्यायालयं मानतात, पण दबाव होता हे सिद्ध करायचं ओझं तुझ्यावर असतं. तीन आठवड्यांनी केलेला मेल त्याच दिवशी केलेल्या मेलएवढा जोरदार नसतो. तरी दोन वर्षांनी आठवण येण्यापेक्षा बरा. दोन वर्षं म्हणाले ते उगाच नाही, नव्या संहितेत वाद नेण्याची मुदत तेवढी आहे; आधी तीन होती. तक्रार पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जाईल, जळगावात नाही, कारण नोकरी तिकडची.

‘मी इंजिनिअर, मला कामगार कायदा कसा लागेल’ असं तुमच्यातले निम्मे विचारतात, जरा नाक वर करूनच विचारतात. टेस्टिंग हे तांत्रिक काम आहे. तांत्रिक काम करणारा माणूस कामगारच, त्याचा पगार लाखभर असला तरी. पगाराची मर्यादा देखरेख करणाऱ्यांना आहे, आणि व्यवस्थापनाचं काम करणारे त्यातून बाहेर आहेत. कार्डावर ‘लीड’ छापलंय की ‘मॅनेजर’, यावर ते ठरत नाही, दिवसभर करत काय होतास यावर ठरतं.

पंचेचाळीस दिवसांचं म्हणशील तर वेतन संहितेत अंतिम पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, आणि राजीनामा दिला असला तरी तेच. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. तू पगाराची पावती जोडलीस हे छान केलंस. एकूण महिना ९२,००० आणि मूळ पगार ४०,००० दिसतोय. सहा वर्षं आठ महिने म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी सात वर्षं धरतात, सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष होतो. मूळ पगारावर काढली तर ४०,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ७, म्हणजे १,६१,५३८ रुपये. पण नव्या संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवता येत नाहीत, म्हणजे वेतन किमान ४६,००० धरायला हवं, आणि मग ग्रॅच्युइटी होते १,८५,७६९. चोवीस हजारांचा फरक आहे. एचआरने कोणता आकडा धरलाय ते बघूनच ‘मला मान्य आहे’ लिही. किंवा लिहूच नको, पैसे घे आणि ‘हक्क राखून स्वीकारले’ एवढं कळव.

सरकार काय करू शकतं, हा तुझा खरा प्रश्न. शंभर किंवा जास्त कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगी लागायची, संहितेने तो आकडा तीनशे केला. पण ती तरतूद कारखाने, खाणी आणि मळे यांनाच आहे. तुझ्या काचेच्या इमारतीत दहा हजार माणसं बसली तरी ती लागत नाही. मी ती लावा असंही म्हणत नाही. माझं मागणं फार लहान आहे : मोजा. नोकरी सुटल्याची तारीख कंपनी पीएफच्या पोर्टलवर टाकतेच. एकाच आस्थापनेतून एका महिन्यात तीनशे जण गेले तर कामगार खात्याने एक पत्र पाठवून विचारावं, बाबांनो, एवढ्यांना एकदमच कसं वैयक्तिक कारण झालं? याला नवा कायदा लागत नाही.

आणि आपले पुढारी यावर का बोलत नाहीत? केळीला भाव नाही म्हणून रावेरला रस्ता अडतो, कापसासाठी मोर्चा निघतो. तुझं नाव पाचोऱ्याच्या मतदारयादीत, भाड्याचं घर हिंजवडीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन दिवस येतोस, आंबरस-पुरणपोळी खाऊन जातोस. तिकडच्या आमदाराला तू मतदार नाहीस आणि इकडच्याला तू दिसत नाहीस.

प्रश्न : तुमच्यासारख्या कामगार वकिलांनी आणि युनियनवाल्यांनी गिरण्या बुडवल्या, आता आयटी बुडवायला निघालात. आयटी वाढली कारण सरकारचं तिकडे लक्ष नव्हतं. सरकारने नाक खुपसलं की कंपन्या पळतात. — एक उद्योजक, धुळे

उत्तर : दादा, गिरण्या कुणी बुडवल्या यावर माझ्याकडे रात्रभराचा ऐवज आहे, या पानावर मावणार नाही. जुन्या यंत्रांवर पन्नास वर्षं पैसा न लावणारे शेठजीही त्यात येतात एवढं सांगून पुढे जाते.

पण ‘सरकारचं लक्ष नव्हतं’ हे धुळ्याच्या माणसाने म्हणावं? तुमच्यापासून तासाभरावर अमळनेर आहे. तिथे १९४५मध्ये वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. आपल्याकडच्या भुईमुगाच्या जोरावर वनस्पती तूप करायची, पुढे कपड्यांचा साबणही. तीच आजची विप्रो. वडील वारले तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते, अमेरिकेतलं शिक्षण टाकून १९६६मध्ये परत आले. आता विचारा, तूप-साबणवाली कंपनी संगणकात शिरली कधी? आयबीएम देश सोडून गेल्यावर. ती गेली १९७७-७८मध्ये, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना. १९७३च्या परकीय चलन कायद्याप्रमाणे परदेशी मालकी चाळीस टक्क्यांवर आणा म्हणून सरकार अडून बसलं होतं. म्हणजे नाक चांगलंच खुपसलं होतं, एक कंपनी पळालीही, आणि तिच्या रिकाम्या जागेत अमळनेरची कंपनी जाऊन बसली. पुढे १९९१पासून सॉफ्टवेअर पार्क, उपग्रहाची जोडणी, निर्यातीच्या नफ्यावर २०११पर्यंत करमाफी, हे सगळं दिल्लीतूनच आलं. झोपेत एवढं होत नाही.

एक गोष्ट मात्र तुमची मान्य. शंभरच्या नियमामुळे हजेरीपट नव्व्याण्णववर अडकवलेले कारखाने मी डोळ्यांनी पाहिलेत. शंभरावा माणूस ठेकेदाराच्या वहीत असायचा, त्याला ना पीएफ ना पास. तो नियम ज्याच्यासाठी केला, त्याच्याच अंगावर आला. म्हणूनच वर मी परवानगी न मागता मोजणी मागितली. ते उत्तर नीट वाचलंत तर आपण फार लांब नाही.

प्रश्न : माझा भाचा पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या कंपनीत ग्राहकसेवेत होता. कायदा आला आणि सगळ्यांना काढलं. कंपनी म्हणते, सरकारने बंद केलं, सरकारकडे मागा. — नंदुरबार

उत्तर : तो बंदीचा कायदा लोकसभेत २० ऑगस्ट २०२५, राज्यसभेत २१, राष्ट्रपतींची सही २२ तारखेला. आमच्या दाव्यांची पुढची तारीख यापेक्षा उशिरा पडते. त्या खेळांनी घरं धुऊन नेलेली मी पाहिली आहेत, बंदीबद्दल मला दुःख नाही. पण दोन दिवसांत धंदा बंद करताना तिथल्या पोरांचं काय, याची एक ओळ घालायला कुणाची ना नव्हती.

भाच्याला भरपाई कंपनीकडेच मागायची. धंदा बंद झाला तरी कपातीसारखीच भरपाई लागते. मालकाच्या हाताबाहेरच्या अपरिहार्य कारणाने बंद झाला तर तिची कमाल तीन महिन्यांच्या सरासरी पगाराएवढी ठरलेली आहे. कंपनी याच सवलतीवर बोट ठेवील. ठेवू द्या. नोकरीला चारच वर्षं झाली असतील तर हिशेब दोन महिन्यांचा होतो, कमाल मर्यादेचा प्रश्नच येत नाही. वर्षभर तरी नोकरी झाली असेल तर शून्य मात्र कुठेच होत नाही.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. संगणक घ्यावा की इलेक्ट्रिकल? एका कॉलेजने ‘एआय’ची नवी ब्रँच काढली आहे, फी जास्त आहे. पण बातम्या ऐकून भीती वाटते. — एक आई, भुसावळ

उत्तर : ताई, चार वर्षांनी काय चालेल हे सांगणाऱ्या ज्योतिषाची पाटी मी लावलेली नाही. मुलीला विचारा, गणित सोडवताना तिला भूक लागल्याचं कळतं का. कळत नसेल तर संगणक घेऊ द्या, बातम्या काहीही असोत.

नव्या ब्रँचचं मात्र तपासा. माझ्या ओळखीतल्या एकीने असाच प्रवेश घेतला. पाटी नवी, आणि शिकवणारे सर तेच, जे गेल्या वर्षी शेजारच्या वर्गात तेच पुस्तक शिकवत होते. फी भरण्याआधी एखाद्या बुधवारी दुपारी न सांगता जा, प्रयोगशाळेचं दार उघडं आहे का बघा आणि आत कुणी तिसऱ्या वर्षाची मुलगी भेटली तर तिला बाजूला घेऊन विचारा. दीपनगरला वीजकेंद्रात कुणी ओळखीचं असेल तर इलेक्ट्रिकलवाल्यांशीही बोलून घ्या. दोन्हीकडे मुलीला सोबत न्या. वडिलांना नेलंत तर ते प्राचार्यांशीच बोलत बसतील.