हॉकीच्या पोट्ट्याचा नवा करार: भाव कसा काढावा

भाऊ, एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची लीग, तिथल्या खेळाडूच्या पगाराचा हिशेब घरबसल्या जमते, फक्त डॉलर सोडा अन् टक्का धरा. तिथला स्टार खेळाडू कॉनर मॅकडेव्हिडनं २०१७ मध्ये वर्षाला १.२५ कोटी डॉलरवर सही केली, तेव्हा संघाची पगारमर्यादा (सगळ्या खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा) ७.५ कोटी होती. म्हणजे सहावा हिस्सा. २०२५-२६ च्या ९.५५ कोटींवर तोच हिस्सा १.५९ कोटी होतो. जुना भाव आजच्या खर्चाशी लावूनच पाहावा, हे आपल्या वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला काय सांगायचं!

मग ज्याचा भाव काढायचा त्याच्याच वयाचे, त्याच्याच जागेवर खेळणारे, पहिला करार नुकताच संपलेले तीन-चार खेळाडू काढा. प्रति सामना गुण (गोल अन् गोलसाठी दिलेले पास मिळून) जुळवा.

नवखे इथं फसतात:
- एकाच भन्नाट सीझनवर भाव लावतात. शॉटमागे गोलचा टक्का एकदम चढला असेल, तर तो बहुधा उतरतो.
- मुदत पाहत नाहीत. लांब करारात संघ खेळाडूची मोकळ्या बाजारातली (म्हणजे त्याला कोणत्याही संघात जाता आलं असतं ती) वर्षंही विकत घेतो, म्हणून वार्षिक आकडा चढतो.

बोनस अन् ऑफर शीट (दुसऱ्या संघानं खेळाडूला दिलेला कराराचा प्रस्ताव) सध्या राहू द्या.