घरचंच जेवण जेवून वजन कमी होतं का? आणि ते टिकतं का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत बैठी नोकरी आहे, दोनदा वजन उतरवलं, दोन्ही वेळा ते परत चढलं, आणि आता आई म्हणतेय की तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक काही जमणार नाही. आईचं अगदी बरोबर आहे. वेगळा स्वयंपाक करूच नका. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगितली.

मी पुण्यातच सहकारनगरला राहते, वय 46, घरात आम्ही चौघं. माझं वजन 79 किलो होतं. ते दीड वर्षात 66 वर आलं आणि गेली चार वर्षं 65 ते 67 च्या मध्ये आहे. त्याआधी एकदा मीही झटपट उतरवलं होतं. घराजवळ एक क्लब होता, तिथला पावडरचा शेक सकाळ-संध्याकाळ प्यायचा आणि दुपारी एकदाच जेवायचं. तीन महिन्यांत 9 किलो गेले. रात्री घरचे पोळी-भाजी खात असताना मी ग्लास घेऊन बाजूला बसायचे. केस गळायला लागले, जिना चढताना पाय भरून यायचे. शेक थांबवला आणि आठ महिन्यांत 11 किलो परत आले. ते तीन महिने मी आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर काढले होते. आत सगळं जसंच्या तसं होतं आणि मी परतले ती त्याच कढईकडे.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती तेलाच्या कॅनपासून. नवा 5 लिटरचा कॅन उघडला की त्यावर मार्करने तारीख लिहायची, एवढंच. आमचा कॅन बरोबर महिनाभर पुरत होता. आता हिशोब मांडा. 5 लिटर तेल म्हणजे साडेचार किलोच्या आसपास. चार माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी रोज 38 ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज साधारण 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. यात तूप, दाण्याचं कूट, बाहेरचं खाणं काहीच धरलेलं नाही. मी तीच चार माणसं 3 लिटरवर आणायची ठरवली. आता माणशी 23 ग्रॅम होतात. रोजच्या 135 कॅलरी कमी झाल्या आणि कुणाच्या ताटातला एक घासही कमी झाला नाही. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. म्हणजे कागदावर तरी एवढ्यानेच महिन्याला अर्धा किलो. प्रत्यक्षात आकडा इतका सरळ चालत नाही, पण दिशा कळते.

हे जमवायला काही विकत आणावं लागलं नाही. तेलाच्या भांड्यातली पळी काढून तिथे पोह्याचा चमचा ठेवला. भाजी कढईत टाकली की वर झाकण म्हणून ताटली ठेवायची आणि त्या ताटलीत पाणी घालायचं. भाजी वाफेवर शिजते, खाली लागत नाही. आपल्या आज्या असंच करायच्या. घडीच्या पोळीऐवजी फुलका केला. सासूबाईंना पटत नव्हतं. "आमटीवर तवंग नसेल तर ती आमटी दिसते तरी कशी?" असं त्या रोज म्हणायच्या. मी वाद घातला नाही. हिंग, कढीपत्ता, गोडा मसाला तेवढाच ठेवला. चारेक महिन्यांनी एका लग्नातून आल्यावर त्याच म्हणाल्या की भाजी फार तेलकट होती. त्या दिवशी मला खात्री पटली की हे टिकणार.

त्यानंतर ताट. आपल्याकडे डाव्या बाजूला लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर वाढतात, आणि कोशिंबीर वाढायची रीत चमचाभराची. मी ती वाटीभर केली. काकडी, गाजर, मुळा, कोबी, जे स्वस्त असेल ते, पण कूट मोजून, कारण दाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि उसळीने करायची, मग पोळी किंवा भाकरी, भात शेवटी आणि एक वाटी. भात सोडला नाही.

उसळीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मराठी घरात कमी पडतात ती प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 65 किलोच्या माणसाला साधारण 54 ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीतून जेमतेम पाचेक ग्रॅम मिळतात. मूठभर, म्हणजे 40 ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणले की 9 ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यात 6. आमच्याकडे आता फडक्यात काहीतरी बांधलेलं असतंच, मटकी, मूग, हरभरे, चवळी. पोट भरलेलं राहतं. मला पाच वाजता फरसाण लागायचं, ते आपोआप सुटलं.

भाकरी खाल्ली की वजन उतरतं, हा मात्र एक गैरसमज आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात कॅलरी जवळपास सारख्याच असतात, आणि एका जाड भाकरीत दोन फुलक्यांचं पीठ सहज जातं. भाकरीला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते, हा तिचा फायदा. म्हणून दोन भाकरी खाऊन वजन उतरेल असं नाही.

वजनकाट्यावर फार भरवसा ठेवू नका. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबतचा स्वतःचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दिला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के आणि त्या सहकाऱ्याची 9.1 टक्के. आपण भारतीय दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असतो, असं त्यांचं अनेक वर्षांचं संशोधन सांगतं. म्हणून कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा मानतात. माझी 97 होती, आता 86 आहे, म्हणजे काम अजून बाकी आहे. उपासमार करून उतरवलेल्या वजनात स्नायूही जातात. माझे पाय भरून यायचे ते बहुधा त्यामुळेच.

तुमच्या ऑफिसचा चहा मोजा. दिवसाला सहा कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे 50 ग्रॅमच्या वर साखर. मी दोनावरून अर्ध्या चमच्यावर यायला दोन महिने घेतले. रविवारची मिसळ सोडू नका, पण ती नाश्ता आणि जेवण दोन्ही समजा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आमच्याकडे अजून होते, वाटीभर, सोबत काकडी आणि ताक.

पाचव्या महिन्यात माझा काटा सात आठवडे हलला नाही. शरीर हलकं झालं की त्याला लागतंही कमी, त्यामुळे असं होतं. मी खाणं आणखी तोडलं नाही, तळजाईच्या टेकडीवर रोज पाऊण तास चालायला लागले. तुम्हाला पाषाण-बाणेर बाजूची टेकडी जवळ पडेल.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर एकदम खाली जाऊ शकते. थायरॉईडची तपासणीही एकदा करून घ्या.

आज घरी गेलात की आईजवळ बसा, कॅनवर तारीख लिहा आणि वरचा हिशोब तुमच्या घरातल्या माणसांवर मांडून त्यांना दाखवा. कॅन किती दिवस पुरला ते इथेच कळवा. पुढचं माप आपण मिळून ठरवू.