बकरीने उचललेला पाय

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

विहिरीतला गाळ काढायला उतरलेला माणूस गुंगी येऊन पडतो, तसंच पाणबुड्याचंही होत असावं, असं तू लिहिलंस; दाबाच्या बंद कक्षात उंदराला नायट्रोजन, हेलियम असे वायू देऊन ही गुंगी मोजायचा विचारही कळवलास. हे दोन प्रकार वेगळे आहेत. आपल्या वऱ्हाडातल्या खोल, पडीक विहिरीत ऑक्सिजन घटलेला असतो, कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो; दाब मात्र जवळपास वरच्याइतकाच. समुद्रात ३० मीटर खाली गेलेला पाणबुड्या चौपट दाबाची हवा घेतो. ऑक्सिजन भरपूर असतो, तरी भान हरपायला लागतं, कारण तिथे नायट्रोजनच गुंगी आणतो.

उंदराला गुंगी आली हे तो सांगणार नाही. म्हणून काय मोजायचं ते आधी ठरव. उताणा झाला तर पायांवर यायला किती वेळ लागतो, फिरत्या दांड्यावर किती वेळ टिकतो. ‘सुस्त वाटला’ असं वहीत कधी लिहू नकोस. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी १९०८ साली पाणबुड्यांना हळूहळू वर आणण्याची कोष्टकं मांडली, ती बकऱ्यांवरच्या प्रयोगांतून. दाब भराभर उतरवला की बकरी बहुधा पुढचा पाय उचलून धरायची. तिचं दुखणं त्यांनी त्या पायावरून ओळखलं. बकऱ्यांमागे वाढलेल्या तुला ही नजर आहेच.

सुस्ती दिसली की लगेच वायूवर खापर फोडू नकोस. हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो. कक्ष गरम ठेवला नाही तर उंदीर गारठतो, आणि गारठलेला उंदीर गुंगलेल्यासारखाच दिसतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला नाही तरी घोटाळा होतो. शिवाय नुसती हवाच दाबत गेलीस तर ऑक्सिजनचाही दाब चढतो. त्याने झटके येतात, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच मांडलं होतं. म्हणून ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे मिश्रणाच्या एकूण दाबातला त्याच्या वाट्याचा दाब, जागेवर ठेवायचा आणि तपासायचा तोच वायू वाढवायचा.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढेच आहे. हेलियम गुंगी आणत नाही, तरी दाब फार वाढला की उंदीर थरथरतो, पुढे झटके येतात. हे काम दाबाचं. १९५० सालच्या एका प्रयोगात अल्कोहोलने निपचित पडलेली बेडकाची शेपटीवाली पिल्लं हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभराहून अधिक पट दाबाखाली पुन्हा पोहू लागली! वायू गुंगवतो, दाब चेतवतो. म्हणूनच हेलियममध्ये थोडा नायट्रोजन मिसळला की थरथर कमी होते. नायट्रोजनच्या कक्षात तुला दिसतं ते या दोघांच्या ओढाताणीतून उरलेलं वागणं. ते एकट्या नायट्रोजनच्या नावावर मांडू नकोस.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरला डबा जोडून बघायचा विचार मात्र सोड. डबा फुटला तर जीव जाईल. प्राण्यांवरचा असा प्रयोग संस्थेत, नैतिकता समितीची परवानगी घेऊनच होतो. तोवर घरच्या एका बकरीच्या नोंदी ठेव: किती वेळ उभी, किती वेळ रवंथ, कोणता पाय उचलला. पोळ्याला गावी येईन तेव्हा वही बघतो.

तुझे सर