पाणंद अडवलीय आणि कचेरी म्हणते "आधी मोजणी आणा": मोजणीच्या आधी केस नंबर घ्या

दादा, तुमची पोस्ट वाचली. शेजाऱ्याने दिवाळीनंतर जेसीबीने पाणंदीत, म्हणजे रानात जायच्या गाडीवाटेत, चर मारला, ऊस तोडीला आलाय, ट्रॉली आत जात नाही. ग्रामसभेने रस्ता मोकळा करायचा ठराव केला, तो घेऊन तुम्ही तालुक्याला तहसील कचेरीत गेलात आणि तिथे उत्तर मिळालं, "आधी सरकारी मोजणी करून आणा, मग बघू." हे वाक्य मला पाठ आहे. आमच्या रस्त्याचं वाटोळं याच वाक्याने केलं, म्हणून जरा लांबण लावतो. मी वकील नाही. आमच्या भांडणात जे कळलं ते सांगतोय, तुमची कागदपत्रं जाणत्या माणसाला दाखवाच.

सातबारा, आठ-अ, चतुःसीमा हे तुमच्याकडे असणारच, त्यात जात नाही. मुद्द्याचं एवढंच की शेतरस्त्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि कचेरीत ते कुणी आपण होऊन उलगडून सांगत नाही. वहिवाटीचा जुना रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. रस्ताच नाही आणि बांधावरून नवा हवा आहे तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. दोन्ही तहसीलदारांपुढेच चालतात, म्हणून लोकांना एकच वाटतात. पण कलम 5 ला मुदत आहे: अडथळा सुरू झाला त्या दिवसापासून सहा महिने. शेवटचं भांडण कधी झालं किंवा ठराव कधी झाला, याला इथे किंमत नाही. चर पहिल्यांदा मारला तो दिवस धरतात.

आमच्याकडे काय झालं ते ऐका. अर्ज मुदतीत दिला होता. "पाणंद रस्ता मोकळा करून मिळणेबाबत" असा मथळा, कलम 5 लिहिलेलं, आवक बारनिशीचा (आलेल्या कागदांच्या नोंदवहीचा) शिक्का, पोच, सगळं. टेबलावरच्या साहेबांनी त्याला तक्रार अर्ज ठरवून टपालात ठेवला आणि मोजणीची चिठ्ठी हातात दिली. मोजणीचं खातं वेगळं, त्यांची रांग वेगळी. मोजणीदार आले त्या दिवशी शेजाऱ्याने हरकत घेतली आणि ते मोजणीचं सामान गुंडाळून परत गेले. पुन्हा फी, पुन्हा तारीख. इकडे कचेरीत विचारलं की "मोजणी आली का?" आणि तिकडे विचारलं की "तहसीलचं पत्र आहे का?" मोजणीचा नकाशा अखेर मिळाला तेव्हा अर्ज केस म्हणून नोंदवला गेला, आणि मग कळलं की नोंदणीची तारीख हीच दाखल तारीख धरली आहे. दावा मुदतबाह्य. पोच दाखवली तर म्हणाले, तो अर्ज होता, दावा नव्हता.

मग सल्ला काय, तर 143 खाली नवा अर्ज करा. म्हणजे बापजाद्यांपासूनची गाडीवाट शेजाऱ्याच्या रानात जिरली आणि आम्ही बांधावरून वाट मागणारे झालो. दरम्यानचा ऊस दुसऱ्याच्या गव्हातून, त्याला नुकसानभरपाई देऊन काढला. हे ज्या टेबलामुळे झालं तिथला माणूस वाईट नव्हता, चहासुद्धा पाजायचा. चहावर राग काढता येत नाही हाच त्रास.

म्हणून माझं ठाम मत: मोजणीच्या मागे लागायच्या आधी केस नंबर घ्या. मथळ्यातच "मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5 अन्वये दावा" असं लिहा. अडथळा कोणत्या तारखेला केला, कुणी केला, रस्ता कोणत्या गटातून कोणत्या गटाकडे जातो, साक्षीदार कोण, हे सगळं त्यातच घाला. दोन-चार दिवसांनी जाऊन रोजनामा, म्हणजे केसमध्ये तारखेवार काय झालं त्याची नोंद, बघा. केस नंबर पडला नसेल तर त्याच दिवशी लेखी स्मरणपत्र द्या. रस्ता होता की नाही आणि अडवला की नाही, हे स्थळ पाहणी, पंचनामा आणि साक्षीवरूनही ठरतं. हद्दीचाच वाद असेल तर मोजणी लागते, पण ती दावा दाखल झाल्यावरही करता येते. हंगाम तोंडावर आहे, तर तात्पुरता मनाई हुकूमही त्याच अर्जात मागा.

गाव नकाशा मात्र आजच काढा. तुमची पाणंद त्यावर असेल तर निम्मं काम झालं. दुबेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एकेरी म्हणजे पायवाट. नकाशावर नसेल तरी वहिवाट सिद्ध करता येते, फक्त म्हाताऱ्या माणसांचे जबाब आत्ताच घेऊन ठेवा.

आता ग्रामसभेच्या ठरावाबद्दल, जिथे माझं डोकं जास्त फिरतं. ठराव तहसीलला "उचित कार्यवाहीस्तव" पाठवला आणि गावाने हात झटकले, असंच ना? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 मध्ये सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा आणि अतिक्रमण काढायचा अधिकार पंचायतीला स्वतःलाच आहे. पंचायतीने नाही केलं तर जिल्हाधिकारी करू शकतात, तेही तिथेच आहे. पण सरपंचाला पुढच्या निवडणुकीत त्याच भावकीची मतं हवी असतात आणि ग्रामसेवकाला बदलीपर्यंत भांडण नको असतं. मग दोघे मिळून गावाचा अधिकार पाकिटात घालून तालुक्याला पाठवतात. पंचायतींना घटनेत स्थान देणारी 73 वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली. तरी गावच्या पाणंदीचा नकाशा एका खात्याकडे, अडथळा दुसऱ्याकडे, मुरमाचे पैसे तिसऱ्याकडे, आणि गावाकडे फक्त ठराव. अर्थात कलम 53 सार्वजनिक रस्त्यासाठी आहे. खाजगी गटातल्या वहिवाटीला ते लागू होईल असं गृहीत धरू नका, म्हणून परत म्हणतो, आधी नकाशा.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागा, प्रोसिडिंग बुकाचा (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीचा) मोबाईलवर काढलेला फोटो चालत नाही. आणि सभेला गणपूर्ती (कोरम) होती का ते बघा. 100 किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यातली कमी असेल ती संख्या लागते. समोरचा वकील पहिला हल्ला इथेच करतो.

जाता जाता: माहिती अधिकाराचा अर्ज आपल्याकडे एकाच विषयाचा आणि 150 शब्दांत लिहा, नाहीतर तेवढ्यावरून परत करतात. प्रती मागण्यापेक्षा "फाईलचे अवलोकन" मागा. फाईल डोळ्यांनी पाहिली की टिपणीत कुणी काय शेरा मारला ते दिसतं, आमचं "तक्रार अर्ज" प्रकरण असंच उघडं पडलं.

निकाल लागल्यावरचीही एक खोच आहे. कलम 5 च्या निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण (रिव्हिजन) आहे. 143 च्या निकालावर मात्र अपील करता येतं किंवा वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. दिवाणी दावा लावला की महसूलकडचं अपील बंद. कोणता रस्ता धरायचा ते घाईत ठरवू नका. आणि निकाल बाजूने लागला तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात रस्त्याची नोंद मागाच, 2025 पासून शासनाचाच तसा निर्णय आहे.

तुम्ही विचारलंय, पोरं घेऊन चर बुजवून टाकू का. नका. तो दिवाणी वाद आहे म्हणणारे पोलीस तुमच्यावर गुन्हा दाखल करताना ते विसरतात. आदेश हातात आला की अंमलबजावणीला बंदोबस्त मागता येतो.

चर मारल्याची नेमकी तारीख आणि तुमच्या अर्जाला केस नंबर पडलाय का, एवढं सांगा. गट नंबर आणि शेजाऱ्याचं नाव इथे टाकू नका.